आवाज लई हाय, पण ऐकू येत न्हाय

कार्यक्रम चांगला झाला तर साउंडवाल्याकडं कुणी बघत नाही. वक्त्याचं कौतुक होतं, हारांचं होतं, जेवणातल्या शेंगाच्या चटणीचंसुद्धा होतं. पण स्पीकरनं एकदा जरी शिट्टी मारली की सगळ्या हॉलच्या माना मागं वळतात आणि बरोबर माझ्यावर येऊन थांबतात. उभा जन्म मी त्या वळलेल्या मानांना घाबरून काम केलं. या अंकाच्या संपादकबाई म्हणाल्या, 'अंबादासशेठ, तुमच्या धंद्यातलं काहीतरी लिहा की.' तेव्हा पहिल्यांदा मला त्या मानाच आठवल्या.

आम्ही विणकर घरातली माणसं. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि धंदा शिकलो तो दखनीतून. वडील जन्मभर मागावर होते. त्या खडखडाटातून सुटायचं म्हणून मी हनीफचाचांच्या माईकच्या दुकानात शिरलो, आणि निवडलं काय, तर त्याहून मोठा आवाज! मिरवणुका केल्या, सभा केल्या, लग्नं, स्नेहसंमेलनं, काही सोडलं नाही. आता दुकान बंद केलंय. कानाचे डॉक्टर म्हणाले, तुमचे वरचे सूर गेले, बायकांचे आवाज नीट ऐकू येणार नाहीत. मी म्हटलं, आधी कळलं असतं तर पेढे घेऊन आलो असतो. त्यावर बायकोनं तिथंच जे उत्तर दिलं ते मात्र स्वच्छ ऐकू आलं.

पुढचं कळायचं तर धंद्यातल्या दोन गोष्टी आधी सांगायला हव्यात. माझ्यासमोर जो पसारा असतो तो मिक्सर. त्यावर प्रत्येक माईकची एक सरकती दांडी असते. दांडी वर केली की आवाज हॉलमध्ये जातो, खाली ओढली की हॉलपुरता तो माईक मेला. पण प्रत्येक दांडीला एक 'सोलो' नावाचं बटण असतं. ते दाबलेलं असलं, तर दांडी खाली असली तरी त्या माईकमधलं सगळं हेडफोनमध्ये येत राहतं. माईक लोकांसमोर उघडण्याआधी तो धड चालतोय का, हे आपल्याला गुपचूप कळावं म्हणून ही सोय.

दुसरी गोष्ट कॉलर माईक. शर्टाला चिमट्यानं लावतात तो. लावून घेणारा थोड्या वेळानं त्याला विसरतो, अगदी साफ विसरतो. माईकसकट बाथरूमला गेलेले पुढारी मी ऐकलेत. स्टेजवर हार घालून घेऊन मागं जाऊन कचाकचा भांडणारं आदर्श दांपत्य ऐकलंय. म्हणून आमचा नियम असा, की वक्त्याचं 'धन्यवाद' संपता संपता दांडी खाली ओढायची, टाळ्या मग वाजवायच्या. आणि हेडफोनमध्ये काही कानावर पडलंच तर चाचांचं सांगणं होतं, "अंबू, कान में पड्या सो पेट में डाल. बाहर नक्को." हे मी आजवर पाळत आलो. आज एकच गोष्ट पोटातून बाहेर काढतोय. का, ते शेवटी कळेल.

पृथ्वीविज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद आपल्या सोलापुरात भरणार, असं एका कॉलेजातल्या जाधव सरांनी सांगितलं तेव्हा मला वाटलं, चेष्टा करायलेत. पण खरंच भरली. अशा परिषदेत निबंध वाचणारे ढिगानं असतात. पण त्या विषयातली जी मोजकी मोठी माणसं, त्यांना मोठ्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर निवांत बोलायला देतात. त्याला बीजभाषण म्हणायचं. त्या भाषणांचा आवाज माझ्याकडं होता. मला इंग्रजी येत नाही म्हटलं तरी चालेल. पण माणूस घाबरलाय की दमलाय, हे कळायला माईकवाल्याला भाषा लागत नाही.

पहिला घोळ आपल्याच चादरीनं घातला. पाहुण्याला सोलापुरी चादर तर द्यायलाच हवी, आणि ती भाषणाच्या आधीच द्यायची अशी आपली पद्धत. चादर खांद्यावर पडली की कॉलर माईक गेला तिच्याखाली, आणि हॉलमध्ये नुसतं खर्रर्र. ज्वालामुखीवर बोलायला आलेल्या एका उंच बाईंना ती चादर इतकी आवडली की सोलापूरच्या उन्हाळ्यात त्या ती पांघरूनच उभ्या राहिल्या. वर गळ्यात दगडी मण्यांची माळ. प्रत्येक वाक्याला कडकड, कडकड. मी मागून हातवारे केले. बाईंनी बोलता बोलता चादर खुर्चीवर टाकली, माळ काढली, स्टेज उतरून थेट माझ्या टेबलाशी आल्या, माळ माझ्याच गळ्यात घातली आणि बोलत बोलत परत गेल्या. दुपारी मी ती तशीच घालून जेवणाच्या रांगेत उभा. लोक विचारायला लागले, "काय शेठ, सत्कार झाला वाटतं तुमचा!"

एक म्हातारे शास्त्रज्ञ बर्फावर काम करणारे होते. ते एक वाक्य बोलायचे आणि थांबायचे. पहिल्यांदा थांबले तेव्हा मला वाटलं, बॅटरी गेली. मी दांडी वर केली, आणखी वर केली, तर सगळ्या हॉलला त्यांचा श्वास ऐकू आला. माना वळल्या! म्हाताऱ्यांनी मात्र हसून ओठावर बोट ठेवलं. नंतर जाधव सर म्हणाले, "अहो, ते विचार करत होते." बोलता बोलता थांबून विचार करणारा वक्ता मी तोवर बघितला नव्हता, माझी काय चूक?

शेवटच्या दिवशीचं बीजभाषण वाघमोडे सरांचं होतं. हा आपल्याच जिल्ह्यातला माणूस. उजनी धरणाच्या फुगवट्याकाठच्या गावात वाढला, परदेशात जाऊन मोठा झाला. जमिनीखालचं पाणी हा त्यांचा विषय. त्या विषयात त्यांचं नाव जगभर घेतात, असं जाधव सर सांगत होते. ते दोघं वसतिगृहात एका खोलीत राहिलेले, त्यामुळं जाधव सरांची छाती जरा जास्तच फुगली होती.

सकाळी माईक तपासायला वाघमोडे सर स्वतः आले. बारीक चणीचे, शर्ट अंगात ढगळ झालेला. माझ्या टेबलाशी वाकून हळू आवाजात म्हणाले, "मामा, एक काम आहे. पहिल्या रांगेत माझी आक्का बसणार आहे. आई लवकर गेली, आक्कानंच मला वाढवलं. माझ्या शिक्षणापायी तिनं स्वतःच्या लग्नाचं नाव काढू दिलं नाही. कुठं कुठं जाऊन बोललो मी, पण तिनं मला बोलताना एकदाही ऐकलं नाही. आता तिला कमी ऐकू येतं. तिच्या बाजूचा स्पीकर जरा बघा. इंग्रजी तिला कळायचं नाही, पण ऐकू तर येऊ दे."

"सर, माझी जबाबदारी," मी म्हटलं. असं मी सगळ्यांनाच म्हणतो, पण त्या दिवशी मनापासून म्हटलं.

आक्का आली. नऊवारी लुगडं, उन्हातान्हात रापलेला चेहरा, चालणं ताठ. सकाळचं एक भाषण तिनं पहिल्या रांगेत बसून काढलं. तिच्या बाजूचा स्पीकर मी वाढवला होता. चहाची सुट्टी झाल्यावर वाघमोडे सर पाहुण्यांच्या घोळक्यात अडकले, आणि ही बाई सगळा हॉल चालून मागं माझ्या टेबलाशी आली.

"तूच का आवाजवाला?"

"होय आक्का," मी तिच्या कानाशी जोरात म्हटलं.

"आवाज लई हाय बाबा, पण ऐकू येत न्हाय."

माझ्या सगळ्या धंद्यात माझ्या कामाबद्दल इतकं नेमकं कुणी बोललं नव्हतं. मोठ्या हॉलमध्ये आवाज भिंतींवर आपटून परत येतो आणि शब्दांवर शब्द पडतात. चांगल्या कानाला ते निवडून घेता येतं, थकलेल्या कानाला नाही. आवाज वाढवला की गोंधळही वाढतो. सरांनी तिला कानाचं मशीन आणून दिलं होतं, पण त्यात नुसती खरखर यायची म्हणून ते डब्यात पडून होतं. फोनवर व्हिडिओत ती सरांचं, म्हणजे तिच्या दत्तूचं, तोंड बघायची, आणि तो काय बोलला ते शेजारची पोर तिच्या कानात ओरडून सांगायची. किती वर्षांत भावाचा आवाज धड ऐकला नव्हता, हे तिलाही सांगता येईना.

मी म्हटलं, "आक्का, इथं माझ्याशेजारी बसा." माझा हेडफोन तिच्या डोक्यावर चढवला, पदरावरूनच. सरांच्या माईकचं सोलो दाबून ठेवलं. भिंत नाही, घुमणं नाही, गळ्याजवळचा आवाज थेट कानात. सरांना मी काही बोललो नाही. म्हटलं, भाषण झाल्यावर आक्काच सांगेल, त्यात जास्त मजा. दिवे मंद झाले. पडद्याचा उजेड डोळ्यावर असला की वक्त्याला हॉलमधलं काही दिसत नाही, त्यामुळं पहिल्या रांगेतली ती खुर्ची रिकामी असल्याचं सरांना कळणारही नव्हतं.

जाधव सरांनी ओळख करून दिली. वाघमोडे सर उभे राहिले, टाळ्या पडायला लागल्या. सरांनी ग्लास उचलून पाणी घेतलं, घसा साफ केला. आणि माझ्या शेजारी आक्का केवढ्यांदा ओरडली, "दत्तू पाणी प्याला बघ!"

हेडफोन घातलेला माणूस मोठ्यानं बोलतो. त्याला स्वतःचा आवाज कळत नाही. मागच्या दोन रांगा वळून हसल्या. नशीब, टाळ्यांत स्टेजपर्यंत पोचलं नाही. मी ओठावर बोट ठेवलं, तिनं जीभ चावली. पण डोळ्यांतून पाणी गळायला लागलं होतं. आवाज मिळाला होता तिला.

सर बोलत होते इंग्रजीतच, पण मधे मधे मुरूम, काळा पाषाण, झरा असे शब्द यायचे, आणि तो प्रत्येक शब्द आला की आक्का मान हलवायची. पडद्यावर एका विहिरीचा फोटो आला. काळ्या दगडात मधेच एक लाल पट्टा. सर तिथं मराठीत बोलले, बहुतेक तिच्यासाठीच. म्हणाले, "आमच्या विहिरीत हा पट्टा होता. मी विचारायचो, हे लाल काय आहे? आक्का म्हणायची, जमीन दमून थांबली असंल." हॉल हसला. मग त्यांनी समजावून सांगितलं, ते मला जाधव सरांकडून नंतर कळलं. लाव्हाचा एक लोंढा आला, थंड झाला, मग फार मोठा काळ काहीच घडलं नाही. त्या शांततेत वर जी माती तयार झाली ती पुढच्या लोंढ्याखाली भाजली. तो लाल पट्टा. म्हणजे जमीन खरंच थांबली होती.

आक्का हसत होती, पदरानं डोळे पुसत होती. मधेच ती माझ्याकडं वळली. या वेळी बेतानं बोलली. "ह्येला धाप लागतीय."

माझ्याही कानाला ते जाणवत होतं. वाक्य संपता संपता श्वास तोकडा पडत होता. हेडफोन जरा सरकवून मी तिच्या कानाशी म्हटलं, "दमले असतील, प्रवासानं."

"दत्तू दमत न्हाय," ती म्हणाली.

भाषण संपलं. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. नियमाप्रमाणं माझ्या हातानं दांडी खाली ओढली. सर आणि जाधव सर पडद्यामागं गेले. इकडं निवेदिका आभार मानायला लागली, माझं लक्ष तिच्या माईकवर. थोड्या वेळानं सहज शेजारी बघितलं, तर आक्काचा चेहरा पार बदलला होता. दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून धरला होता. मग माझ्या डोक्यात लख्ख पडलं. दांडी खाली आहे, पण सोलो चालूच आहे. पडद्यामागचं सगळं हिच्या कानात जातंय!

मी हेडफोन काढायला हात पुढं केला. तिनं तळवा उभा करून मला थांबवलं. शेवटपर्यंत ऐकलं. मग हेडफोन काढला, पदरानं पुसला आणि माझ्या हातात दिला.

"ह्ये तुलाबी ऐकू आलं का?"

"नाही आक्का. हेडफोन तुमच्याकडं होता," मी तिच्या कानाशी म्हटलं.

"डाक्टरनी हात टेकल्यात म्हणं. ह्यो जाधवाला सांगायलाय. दिवाळीपातुर बी जमायचं न्हाय म्हणतोय. आन् म्हणतोय, आक्काला कळू देऊ नको."

मी आता कुठं ते सोलो बंद केलं.

"मी हितं बसले व्हते, ह्ये त्येला कळता कामा न्हाय," ती म्हणाली. "आक्काला ठावं न्हाय, तेवढ्यावरच उभा हाय बघ त्यो." आणि लगबगीनं पुढं जाऊन आपल्या खुर्चीवर बसली.

मी माईक काढून घ्यायला पुढं गेलो, तोवर सर पडद्यामागून आले. चेहरा हसरा. तिच्यासमोर गुडघ्यावर बसले, तोंड तिच्या कानाशी नेऊन मोठ्यानं विचारलं, "काय आक्का, ऐकू आलं का?"

आक्का म्हणाली, "कसलं ऐकू येतंय! तोंड हलवत व्हतास, तेवढं दिसलं."

सर हसले. पण ते हसू कसं होतं, ते मला सांगता येत नाही. ओठ हसत राहिले आणि डोळे विझले. एवढ्या लांबून येऊन, अंगात त्राण नसताना उभं राहून, ज्या एका माणसासाठी बोलले, त्या माणसानं ऐकलंच नाही. तशीच मान वर करून त्यांनी माझ्याकडं बघितलं. "मामा, आवाज नीट नव्हता का?"

आक्काही माझ्याकडं बघत होती.

"नाही सर," मी म्हटलं. "जरा गडबड झाली माझ्याकडून. माफ करा."

"असू द्या," ते म्हणाले, आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते फोटोला गेल्यावर आक्का हळूच म्हणाली, "ऐकलं म्हणाले असते, तर कुटं बसून ऐकलं, कसं ऐकलं, समदं इचारलं असतं. शास्त्रज्ञ हाय त्यो. काढलं असतं शोधून."

त्या दिवशी घरी जाऊन मी जेवलो नाही. बायकोनं तेलुगूत विचारलं, "एमैंदि?" काय झालं? म्हटलं, आवाज बिघडला. तिला ते पटलं नाही.

सर परत गेले. दिवाळीच्या आधीच बातमी आली. जाधव सरांनी फोन करून सांगितलं, आणि कॉलेजात शोकसभा आहे, माईक तुमचाच, असंही सांगितलं. लहान हॉल, मोजकी माणसं, टेबलावर फोटो. आक्का पहिल्या रांगेत, तशीच ताठ. माणसं चांगलं बोलली. शेवटी जाधव सर उठले.

"शेवटच्या फोनवर तो मला म्हणाला, सगळं मिळालं रे, फक्त आक्काला माझं भाषण ऐकवायचं राहून गेलं. त्या दिवशी साउंडमध्ये काहीतरी बिघाड झाला होता म्हणे..."

माना वळल्या. सगळ्या हॉलच्या माना, आणि बरोबर माझ्यावर येऊन थांबल्या. मी खाली बघितलं, मिक्सरच्या दांड्यांकडं. एक मान मात्र वळली नाही. आक्का समोर फोटोकडं बघत होती.

सभा संपली. लोक उठले, पोरं खुर्च्या गोळा करायला लागली. आक्का माझ्या टेबलाशी आली, खुर्ची ओढून बसली आणि स्वतःच हेडफोन पदरावरून चढवला.

"हाय का तुझ्याकडं?"

होतं. प्रत्येक कार्यक्रम आम्ही रेकॉर्ड करून ठेवतो. मी भाषण लावलं. तिनं ऐकलं आणि मान हलवली. "ह्ये न्हाय. बोलायच्या आदुगरचं."

मी मागं नेलं. टाळ्या. ग्लास उचलल्याचा आवाज. पाण्याचा घोट. घसा साफ केला. मग टाळ्या थांबल्यावर तो एक श्वास, बोलणं सुरू होण्याआधीचा. तेवढंच परत लावलं. परत लावलं.

आक्कानं डोळे मिटले आणि बोलली. तिला वाटलं असेल, मनातल्या मनात बोलतेय. पण हेडफोन कानावर होता.

"ऐकलं रं दत्तू मी! समदं ऐकलं व्हतं! भाषणबी ऐकलं, आन् मागं जाऊन जाधवाला बोललास त्येबी ऐकलं!"

खुर्च्यांचा आवाज थांबला. दारातून बाहेर पडणारे जाधव सर जागच्या जागी थांबले आणि वळले. आक्काचे डोळे मिटलेलेच होते. तिला गप्प करायला माझा हात पुढं झाला होता. तो मी मागं घेतला.